आमच्या गिरणीतली उलटी दांडी

नांदेडला आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला वर्गानं एक कोपरा सजवला होता. वर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'जुने दिवस'. टेबलावर कुणाच्या तरी आजोबांचा रेडिओ, बोट घालून फिरवायचा फोन, कॅसेटचा प्लेयर आणि एक बटणांचा मोबाईल. प्रत्येक वस्तूपुढं एक चिठ्ठी. मोबाईलपुढच्या चिठ्ठीवर होतं, 'आठवतो का हा?'

मी त्या चिठ्ठीपुढं जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन. तसाच मोबाईल माझ्या आईकडं आहे. त्याच सकाळी तिनं त्यावरून फोन केला होता, जेवलीस का म्हणून विचारायला.

खरी गर्दी होती ती कोपऱ्याच्या टोकाला. तिथं एका जुन्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून विमानाचा गेम लावला होता, पार्लरमध्ये असायचा तसा. पुढं फळीवर एक दांडी आणि दोन बटणं. दांडी हलवली की विमान हलणार, बटण दाबलं की गोळी सुटणार. मी गर्दीत सहसा पुढं होत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत गप्प बसते. पण ती दांडी बघून मी रांगेत शिरले. मनात म्हटलं, हे तर मला येतं.

माझा नंबर आला. डावीकडून शत्रूचं विमान आलं, मला उजवीकडं निसटायचं होतं. हात आपोआप गेला आणि माझं विमान सरळ डावीकडं जाऊन त्याच्यावर आपटलं. दुसरं विमान मिळालं, तेही तसंच आपटलं. तिसऱ्याला तर गोळी सोडायचीही वेळ आली नाही.

"अगं उजवीकडं घे की, उजवीकडं!" माझी रूममेट मागून ओरडत होती.

"घेतेय की!"

"हे उजवीकडं असतं का? जेवतेस कोणत्या हातानं?"

सगळे हसले. मी दांडी सोडली आणि जे तोंडात आलं ते बोलून गेले, "आमच्याकडं विमान असंच चालतं."

मग काय विचारता. त्या दिवसापासून मी वर्गात 'मुरुडचं विमान' झाले. कुणी चुकीच्या जिन्यानं वर गेलं तरी म्हणायचे, हे मुरुडच्या विमानानं आलेलं दिसतंय. चिडवणं तसं प्रेमाचंच होतं, मला ते कळत होतं. तरी राग आला. कशाचा, हे मात्र नीट सांगता येत नव्हतं. अजूनही येईल की नाही शंका आहे, म्हणून झालं ते झालं तसं लिहिते.

मुरुड हे लातूर जिल्ह्यातलं मोठं, बाजाराचं गाव. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा शेती करतात, पण मी लहान असताना त्यांनी रस्त्याकडच्या पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. दुकान म्हणजे एकच मशीन. लातूरला एक पार्लर बंद पडत होतं, कारण तिथली पोरं तोवर कॉम्प्युटरच्या कॅफेत जायला लागली होती. तिथून आप्पांनी ती टेम्पोत उभी बांधून, गोधडी गुंडाळून आणली. आई अजून म्हणते, मला आणताना एवढं जपलं नव्हतं.

म्हणजे मशीन आमच्याकडं आली तेव्हाच जुनी झालेली होती. पण हे मुरुडात कुणाला ठाऊक? मुरुडात ती नवी कोरी होती. पहिल्या दिवशी तिला नारळ फोडलेला मला अंधुक आठवतो.

टेम्पोच्या धक्क्यांत तिची दांडी मोडली होती. आप्पांनी दुसरी दांडी आणली, स्वतःच बसवली आणि डाव्या-उजव्याच्या वायरी एकमेकींच्या जागी जोडल्या. दांडी डावीकडं ढकलली की विमान उजवीकडं जाई. पोरांनी लगेच ओरड केली.

"आप्पा, दांडी उलटी हाय!"

"उलटी हाय तर उलटी खेळा," आप्पा म्हणाले. "जू बदललं की बैल बी चार दिस अडतंय, मग चालतंय. तुमी काय बैलाच्या खाली हाव का?"

आप्पा खरं तर दुरुस्तच करणार होते. पण शेतातलं काम निघालं, पावसानं लाईट गेली, असं करता करता बाजाराचा दिवस उजाडला. आप्पा पाना-पकड घेऊन मशीनच्या मागं गेले, तर तीच पोरं आडवी आली. आता हात बसलाय आप्पा, सरळ करू नका, आमचं समदं शिकलेलं वाया जाईल. आप्पांनी हत्यारं पुन्हा पिशवीत टाकली. ती दांडी मग उलटीच राहिली.

त्यातून मुरुडच्या पोरांनी एक रीत पाडली. बाजाराच्या दिवशी लातूरचं, बार्शीचं, कुठलंही परगावचं पोरगं दुकानात आलं की बाकीचे लगेच बाजूला व्हायचे. मोठ्या अदबीनं म्हणायचे, "पाहुणे हायत. पाहुण्यांना पहिला डाव." आणि दांडी उलटी आहे हे कुणीही सांगायचं नाही. हा नियम. पाहुणा बिचारा लातूरचा पट्टीचा खेळणारा असला तरी दोन मिनिटांत घामाघूम. विमान आपटायचं आणि पत्र्याची खोली हसून दणाणायची. हरल्यावर मात्र त्याला दांडीची गोष्ट सांगत आणि चहा पाजत. काहीजण पुढच्या बाजाराला उलटी दांडी शिकायलाच परत यायचे.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कारण दुकानात मुलींनी जायचं नव्हतं. तसा कुणी फलक लावला नव्हता. पण आईचा शब्द होता, "ते पोरांचं हाय, तिकडं फिरकायचं न्हाई." ती स्वतःही कधी उंबरा ओलांडून आत गेली नाही. चहाची किटली दारात ठेवायची आणि हाक मारून मागं फिरायची.

मला मात्र उन्हाळ्याच्या दुपारी मिळत. पत्रा असा तापायचा की पोरं पळून जायची. मग आप्पा मला तेलाच्या उपड्या डब्यावर उभं करत. मी आणि आप्पा दोघंच, अंगातून घामाच्या धारा, समोर हिरवं आभाळ आणि विमान. मी ती दांडी उलटी म्हणून शिकलेच नाही. मला ती दांडी म्हणूनच आली. गॅदरिंगला मी हरले ते म्हणूनच. पहिल्यांदा कुणी सरळ दांडी हातात दिली होती.

पुढं मोबाईल आले आणि मुरुडची पोरंही दुकानातून उठून झाडाखाली जाऊन बसली. आप्पांनी त्याच खोलीत पिठाची गिरणी घातली. मशीन कोपऱ्यात सरकली, तिच्यावर बारदान पडलं. आप्पांचा पाय शेतातून निघेना, म्हणून गिरणी आईकडं आली. ज्या खोलीचा उंबरा ती ओलांडत नव्हती, तिथं आता तिच्याशिवाय पान हलत नाही. बायका डबे रांगेत ठेवतात, डबा म्हणजेच नंबर. ज्वारी, गहू, डाळीचं पीठ, कधी कुणाचं भाजणीचं दळण. नवरात्राच्या आधी जातं धुऊन पुसून राजगिरा आणि भगर.

तिच्या बटणांच्या मोबाईलचं कारणही गिरणीच आहे. मागं मामानं तिला टच स्क्रीनचा मोबाईल आणून दिला होता. पिठाचं बोट त्याला कळायचंच नाही. आई काचेवर बोट घासायची, पदराला पुसायची, परत घासायची, तोवर समोरचा फोन ठेवून द्यायचा. वैतागून तिनं तो मामाला परत दिला. "ह्याला हात धुऊन शिवावं लागतंय," ती म्हणाली, "देव हाय का त्यो?" तिचा जुना मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असतो. पिशवीवरूनच बटण दाबते. दाबलेलं बोटाला कळतं, एवढंच तिला हवं आहे.

आणि मशीन? दर खंडेनवमीला तिचं बारदान निघायचं. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. कुळव, खुरपी, विळे, आप्पांची मोटरसायकल, गिरणीची मोटर, आणि शेवटी ती मशीन. हळदीकुंकू, झेंडूचं फूल, खाली लिंबू. चालत नव्हती तरी आप्पा तिला वगळत नसत. दुसऱ्या दिवशी परत बारदान.

हे सगळं मी रूममेटला एकदा खोलीवर सांगितलं. ती नांदेड जिल्ह्यातली, आई-वडील दोघंही शिक्षक. तिच्या घरात भिंतीएवढं पुस्तकांचं कपाट आहे. ती मनापासून ऐकत होती. ऐकता ऐकता उठून बसली.

"म्हणजे ती मशीन अजून आहे? खरी?"

"गिरणीत उभी आहे."

"अगं, माझा दादा कॅफे काढतोय इथं. तो असलंच काहीतरी शोधतोय!"

दादा म्हणजे तिचा चुलत भाऊ, पुण्यात नोकरी करून परत आलेला. मला नाही म्हणायला सुचलं नाही. एका रविवारी आम्ही तिघं मुरुडला आलो. त्या दोघांनी बारदान काढलं आणि खरंच हरखून गेले. कडेला उडालेला रंग, बाजूवर चिकटवलेलं विमानाचं चित्र, बटणांना पडलेले खळगे, सगळ्याचे फोटो काढले. दादा माणूस वाईट नव्हता. आईनं दिलेल्या स्टुलावर न बसता आधी तिला बसायला लावलं.

"काकू, बाहेरून आम्ही हे जसंच्या तसं ठेवणार. फक्त आतलं काढून टाकू."

"आतलं म्हणजे?" मी विचारलं.

"पिक्चर ट्यूब, वायरी वगैरे. तिथं काचेचे कप्पे करू, आत छान लाईट. कप ठेवायला. लोकांना नॉस्टॅल्जिया पाहिजे असतो गं."

"त्ये काय असतंय?" आईनं विचारलं.

"जुन्या दिवसांची ओढ, काकू."

"आस्सं." आईनं मान हलवली. "मग न्या बाबा. मला कांडपाला जागा पायजेच हाय."

आईचं बरोबर होतं, हे मला सांगायलाच हवं. तिला कित्येक दिवसांपासून मिरची कांडपाची मशीन घ्यायची होती. उन्हाळ्यात मुरुडच्या बायका मिरच्यांची पोती घेऊन कुठं कुठं हिंडतात. कांडप आलं तर गिरणीला बरकत येणार होती, आणि माझं कॉलेज त्या गिरणीवरच चाललं आहे. जागा एकच होती, मशीनच्या कोपऱ्यात. आप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमी मायलेकी बघा." त्यांच्या हातात विळा होता. त्याच्या धारेवरून अंगठा फिरवत राहिले.

"नाही द्यायची," मी म्हणाले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. रूममेट माझ्याकडं बघायला लागली. आईनं डोळे मोठे केले.

"पाहुण्यापुढं असं बोलतेत का गं?"

"कप ठेवायला नाही द्यायची. ती चालती मशीन आहे."

"चालती?" आई हसली. "कवा चालली शेवटची? तुझ्या परकराच्या टायमाला. बंद पडल्यावर समदं एकच, खोकं."

"मी चालू करते."

आईनं माझ्याकडं नीट पाहिलं. दळण चालू होतं, पट्ट्याचा आवाज येत होता. मग ती पाहुण्यांना म्हणाली, "दसऱ्यापतूर थांबा बाबा. खंडेनवमीला हिनं चालू केली तर राहील. न्हाई झाली तर तुमी टेम्पो घेऊन या." आणि माझ्याकडं वळून, "बंद खोक्याला मी औंदा कुंकू लावणार न्हाई. आप्पाला बी लावू देणार न्हाई. चालतं त्याचीच पूजा."

हे ठरलं आणि मी नांदेडला परतले. इलेक्ट्रॉनिक्सचं माझं तिसरं वर्ष लागलं होतं, पण चालू होईल का हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या लॅबमध्ये बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत नाहीत, नव्या जोडून बघतात. एका सरांना विचारलं. ते म्हणाले, ट्यूबमध्ये वीज साठून राहते, तिच्या मागं हात घालण्याआधी प्लग काढून एक दिवस तशीच राहू दे, आणि तरीही एक हात खिशात ठेव, म्हणजे झटका छातीतून जाणार नाही. एवढं लक्षात ठेवून मी दर रविवारी मुरुडला जायला लागले.

मागची फळी उघडली तेव्हा आत पीठ होतं. सगळीकडं. इतक्या वर्षांचं पीठ ओल धरून पापडासारखं झालेलं, त्याखाली सर्किटची हिरवी पाटी. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन मी ती पाटी धुतली. तिच्या कडेचे पितळी दात काळे पडले होते, ते शाळेतल्या खोडरबरानं घासले. पॉवर सप्लाय मेलेला होता. त्याच्या जागी नांदेडच्या भंगारातून आणलेला कॉम्प्युटरचा लावला. ट्यूबमागचे सोल्डरचे टाके तडकले होते, ते परत झाळले. एका रविवारी धूर निघाला. आप्पा बॅटरी धरून शेजारी उभे होते, ते मागं सरकले नाहीत, पण म्हणाले, "पोरी, ऱ्हाऊ दे का?" मी प्लग काढला. त्या रात्री मला भीती वाटली की दादा टेम्पो घेऊन येणार आणि मी त्याला दोरी बांधू लागणार.

त्या जाण्यायेण्यात मला माझा राग थोडा थोडा कळत गेला. वर्गातल्या मुलांसाठी रेडिओ, पार्लर, बटणांचा मोबाईल हे सगळं येऊन, वापरून, संपून गेलेलं होतं. म्हणून त्यांना ते टेबलावर मांडता येत होतं. आमच्याकडं प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाची वापरून झाल्यावर आली. आम्ही ती हातात घेऊन नीट शिकेपर्यंत कुणीतरी सांगतं, अरे, हे तर जुनं झालं, आता आठवा. कधी आठवायचं आणि कधी वापरायचं, हे आमच्यासाठी दुसरंच कुणी ठरवतं. बारावीला मी ज्या पुस्तकातून अभ्यास केला त्याचा अभ्यासक्रमही बदलून गेला होता, तरी त्यातूनच मी इथं आले. मला त्या वस्तूंची ओढ वगैरे नाही. आईचा मोबाईल जुना आहे म्हणून ती वापरत नाही, पिठाच्या हाताला कळतो म्हणून वापरते. हे मला त्या चिठ्ठीच्या मागं लिहायचं होतं. हिंमत झाली नाही.

नवरात्र बसलं. शेवटचं काम दांडीचं राहिलं होतं. मी ते शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं काही बिघडलेलं नसणार असं वाटलं होतं. फळी उलटी केली तर दांडीच्या सगळ्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. आप्पांनी जोडलेलं काहीच उरलं नव्हतं. नव्या वायरी मलाच लावायच्या होत्या.

मी जमिनीवर मांडी घालून बसले. हातात दोन वायरी. कॉलेजात शिकलेलं स्पष्ट होतं, डाव्याची डाव्याला, उजव्याची उजव्याला. आप्पा समोर उकिडवे बसले होते.

"आता तू शिकलेली हाईस," ते म्हणाले. "सरळ करून टाक. तवा माझ्यानं चुकलं होतं."

"तुमाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? पण लोक हसतेत तुला, तूच म्हणालीस की."

सरळ जोडली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. मशीन कुठल्याही शहरातल्या मशीनसारखी झाली असती, आणि मीही मग पुढच्या गॅदरिंगच्या दांडीवर हरले नसते. पण ती मुरुडची राहिली नसती. ज्या पोरांनी आप्पांच्या हातातली हत्यारं पिशवीत घालायला लावली, त्यांचं शिकलेलं वाया गेलं असतं. माझंही.

मी उजवी डाव्याला जोडली, डावी उजव्याला, आणि झाळून टाकली. आप्पांच्या वेळी ती चूक होती. माझ्या वेळी नव्हती. मी ते जाणून केलं आणि मला कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन.

नाण्याचं भोक गंजून गेलं होतं. त्याच्या जागी घराच्या बेलचं बटण बसवलं. दाबलं की डाव सुरू.

खंडेनवमीला सकाळी गिरणी बंद होती. मोटर पुसून, जात्याला हळदीकुंकू लावून झालं. दसऱ्याच्या पुरणाचं दळण राहिलेल्या दोन-तीन बायका पूजा झाली की मोटर चालू होईल म्हणून डबे घेऊन बाकावर बसल्या होत्या. आई ताट घेऊन कोपऱ्याशी आली आणि थांबली. कुंकवाचं बोट तिनं वर धरून ठेवलं होतं.

मी बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग काच उजळली, एक आडवी रेघ थरथरत आली आणि फाकली. विमान दिसलं. लाल रंग कुठंतरी गेला होता, त्यामुळं गोळ्या हिरव्या, स्फोट हिरवे, सगळंच हिरवं. पण चालत होतं. आप्पांनी नाकावरून हात फिरवला आणि बाहेर निघून गेले.

आईनं कुंकू लावलं. मग ताट खाली ठेवून म्हणाली, "हे कसं करायचं असतंय?"

तिनं दांडी धरली. जन्मात पहिल्यांदा. मी काही सांगितलं नाही. दोन-तीन विमानं आपटली, जशी कुणाचीही आपटतात, मग तिचा हात बसला. तिला दुसरी कुठली दांडी माहीतच नव्हती. बाकावरची एक बाई म्हणाली, "अगं, पूजेचा नैवेद्य करपंल तुझा." आई म्हणाली, "थांब गं, आलंय एक अंगावर."

कांडपाचं काय झालं ते विचाराल तर, ते गिरणीच्या बाहेर नवा पत्रा टाकून त्याखाली बसवायचं ठरलं. आप्पांनी तिथल्या खताच्या गोण्या हलवल्या. आई कुरकुरली, पण शब्द फिरवला नाही. आता मोटर चालू झाली की व्होल्टेज पडून काचेवरचं चित्र आक्रसतं आणि बंद झाली की फुगतं. खेळणाऱ्या बायकांनी तेही धरून घेतलं आहे. शाळेच्या पोरी दळण घेऊन जायला आपणहून तयार होतात, असं आई सांगते.

रूममेटच्या दादाला मी फोनवर सांगितलं होतं की मशीन चालू झाली, देणार नाही. तरी दिवाळीच्या आधी तो रूममेटला घेऊन मोटरसायकलवर आला. एकदा बघू तरी द्या, म्हणाला. कदाचित अजून आशा असेल. गिरणीत गर्दी होती, दिवाळीची भाजणी. दारापासून कोपऱ्यापर्यंत डब्यांची रांग. एक शाळकरी पोरगी खेळत होती.

आईनं त्याला पाहिलं. पदरानं हात झटकले. मग त्या पोरीला बाजूला करून, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अदबीनं म्हणाली, "पाहुणे हायत. पाहुण्यांना पहिला डाव."

बाकावरच्या बायका काच दिसेल अशा सरकून बसल्या. मी आईकडं बघतच राहिले. म्हणजे ती किटली ठेवून मागं फिरायची तेव्हा सगळं ऐकत होती.

दादा बाह्या सरसावून उभा राहिला. म्हणाला, लहानपणी आमच्या गल्लीत मला कुणी हरवलं नव्हतं. पहिलं विमान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला तो दोन्ही हातांनी दांडी धरून अख्ख्या अंगानं उजवीकडं कलला आणि विमान डावीकडं जाऊन आपटलं. गिरणी हसून दणाणली. माझी रूममेट माझ्याकडं बघून तोंड दाबत होती. तिला माझं गॅदरिंग आठवलं असणार.

"काकू, ही दांडी उलटी आहे!" तो घाम पुसत म्हणाला.

आई वरच्या पेटीत ज्वारी ओतत होती. मागं न बघता म्हणाली, "आमच्याकडं विमान असंच चालतंय."

तिला चहा टाकायला सांगावं लागलं नाही, आप्पांनी आधीच ठेवला होता. दादा चहा पीत हिरव्या काचेकडं बघत राहिला. टेम्पोचा विषय त्यानं काढला नाही. कप ठेवून त्यानं दांडीकडं हात नेला, तर ती शाळकरी पोरगी मध्ये आली.

"पहिला डाव झाला की तुमचा. आता नंबर लावा."

"नंबर कसा लावायचा?"

तिनं हनुवटीनं डब्यांची रांग दाखवली. दादाकडं डबा नव्हता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग मोटरसायकलवरचं आपलं हेल्मेट आणून शेवटच्या डब्यामागं ठेवलं आणि बाकावर बायकांच्या शेजारी जाऊन बसला.